स्वप्नवही: जाग आल्यापासून अर्थ लागेपर्यंतच्या नोंदी

२ जून – सामान

२०० पानी लाँगबुक, २बी पेन्सिल, हातभर सुतळी, झिरोचा लाल दिवा, एक काळी क्लिप. सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत. बाजारातल्या सजवलेल्या 'ड्रीम जर्नल'ची गरज नाही. त्यात 'आज मूड कसा होता' असले रकाने असतात आणि स्वप्नाला जागा चार ओळींची.

आधी बॉलपेन ठेवलं होतं. आडवं पडून, वही वर धरून लिहिलं की दोन ओळींत ते कोरडं पडतं, कारण रिफिलमधली शाई वर चढत नाही. जेल पेन अंधारात फरफटतं. पेन्सिल कुठल्याही कोनात चालते, फक्त एचबी पुसट उमटते म्हणून २बी. पेन्सिल सुतळीने वहीलाच बांधायची आणि वही मच्छरदाणीच्या आत, उशाशी. मच्छरदाणी वर करून हात बाहेर काढावा लागला की तेवढ्यात स्वप्न निम्मं गेलेलं असतं.

अक्षराचं काय? ओटो लोवी या शास्त्रज्ञाला बेडकाच्या हृदयावरचा प्रयोग स्वप्नात सुचला. रात्री उठून त्याने तो खरडून ठेवला, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, म्हणून तो तडक प्रयोगशाळेत गेला. पुढे १९३६चं नोबेल. दुसरी रात्र सगळ्यांच्या नशिबी नसते, तेव्हा एक ओळ सोडून, मोठ्या अक्षरात लिहायचं.

५ जून – फोन बाद

फोनवर बोलून ठेवण्याचा मार्ग सोपा वाटतो. अडचण पहिल्या पाच सेकंदांतच येते. पडदा उघडला की आलेले मेसेज दिसतात, एक वाचला जातो आणि खेळ संपतो. शिवाय झोपेतला आवाज इतका पुटपुटता असतो की मराठी आवाजावरून आपोआप टाइप होणारा मजकूर वाचण्याच्या लायकीचा उरत नाही, आणि रेकॉर्डिंग ऐकून उतरवण्यात लिहिण्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

शेजारी कोणी झोपलेलं असेल, दिवा लावता येत नसेल, तर जुना फोन विमान मोडवर, रेकॉर्डर आधीच उघडून ठेवलेला. त्यावर अख्खी गोष्ट सांगायची नाही, फक्त खुणेचे शब्द: 'एसटी, बाकं, पाणी, बाबा.' बाकीचं उजाडल्यावर वहीत.

९ जून – जाग कशी यावी

नुसत्या गजराने घात होतो. कर्कश गजर बंद करायला हात जातो, अंग हलतं, डोळे उघडतात, आणि आठवण उरत नाही. गजर हवाच असेल तर हळूहळू चढणारा, हाताच्या टप्प्यात, एका बोटाने बंद होणारा.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली डोळ्यांची जलद हालचाल नोंदवली, आणि त्या अवस्थेत उठवलेली माणसं बहुतेक वेळा स्वप्न सांगतात हे पुढे दिसलं. ही अवस्था साधारण दर ९० मिनिटांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते. त्यावरून '११ला झोपलो, म्हणजे गजर बरोबर ५ला' असं गणित मांडायचा मोह होतो. ते चालत नाही. चक्र माणसागणिक आणि रात्रीगणिक कमी-जास्त होतं, झोप लागायला किती वेळ गेला हेही नक्की नसतं. रोजची उठायची वेळ एकच ठेवणं आणि गजर तिच्या पंधरा-वीस मिनिटं अलीकडे लावणं, एवढ्याने जास्त हाती लागतं. सुटीच्या दिवशी गजराविना येणारी जाग सगळ्यांत चांगली.

जाग आली की हलायचं नाही. डोळे मिटलेले, कूस तीच. शेवटचं चित्र धरायचं आणि 'याच्या आधी काय होतं?' एवढंच विचारत मागे मागे जायचं. सुरुवातीपासून आठवू पाहिलं तर सुरुवात सापडत नाही आणि शेवटही हातचा जातो. चित्र नसेल तर उरलेली भावना धरायची: छातीत धडधड, लाज, हुरहुर. तेही नसेल तर सावकाश दुसऱ्या कुशीवर वळून थोडं थांबायचं. कधी कधी त्या कुशीवर पडलेलं स्वप्न परत येतं.

'एवढं ठळक आहे, सकाळी लिहू' हा सगळ्यांत महागात पडणारा विचार. मानसशास्त्रज्ञ मेरी कॅल्किन्स यांनी १८९३ साली स्वप्नांच्या नोंदींवर लेख छापला. गजर लावून, उशाशी मेणबत्ती आणि कागद-पेन्सिल ठेवून त्यांनी स्वतःची २०५ स्वप्नं टिपली होती. आठवणीची खात्री वाटणारं स्वप्न सकाळवर ढकलणं म्हणजे ते गमावणं, हे त्यांनी तेव्हाच बजावून ठेवलं आहे. सव्वाशे वर्षांत यात काही बदललेलं नाही.

१४ जून – लिहिण्याचा क्रम

सरळ गोष्ट लिहायला घेतली की पहिल्या दृश्याचं वर्णन रंगतं आणि तिसरं दृश्य निसटतं. म्हणून आधी नुसते खुणेचे शब्द, एकाखाली एक. मग दिवा मोठा करून वर्तमानकाळात वाक्यं: 'मी जिन्यावर आहे', 'दार उघडत नाही'. भूतकाळ आला की आपोआप कथा सुरू होते.

'म्हणून', 'त्यामुळे', 'कारण' हे शब्द वहीत वर्ज्य. स्वप्नात जिन्यावरून थेट समुद्रावर येणं होतं, आणि जागा झालेला मेंदू मध्ये 'मग आम्ही गाडीने गेलो' असं सांधकाम करून टाकतो. जिथे उडी आहे तिथे आडवी रेघ मारायची. पुढे अर्थ लावताना बरंच काही या रेघांच्याच आसपास सापडतं, म्हणून ही शिस्त सोडू नये. माणूस कोण ते नक्की नसेल तर 'मावशीसारखी, पण मावशी नव्हे' असंच लिहायचं. नीटनेटकं करून 'मावशी' लिहिलं की माहिती गेली.

भावना वेगळ्या रंगाने, समासात, आणि ती स्वप्नातली. जागं झाल्यावर वाटलेली भावना तिच्याखाली निराळी. या दोन्ही एकत्र लिहिल्या जात होत्या, त्यामुळे सुरुवातीच्या काही पानांचा पुढे उपयोगच झाला नाही. प्रेताशेजारी शांतपणे चहा पिणं हे स्वप्नात शांतच असतं, भीती सकाळची असते.

सकाळचं हे काम १० ते १५ मिनिटांचं. अर्ध्या तासावर गेलं तर भर घालणं सुरू झालं असं समजावं.

१९ जून – स्वप्नफळाची पुस्तकं

पंचांगाच्या गठ्ठ्याशेजारी मिळणाऱ्या स्वप्नफळाच्या पुस्तिका आणि त्यांच्यावरून उतरवलेल्या वेबसाइटी लावून पाहिल्या. दात पडणं: एकीकडे आप्ताचा मृत्यू, दुसरीकडे धनलाभ, तिसरीकडे आयुष्यवृद्धी. साप: शत्रू, संतती, गुप्तधन. तीन ठिकाणी तीन फळं निघाली तर वाचणारा आपल्याला भावेल किंवा घाबरवेल तेच उचलतो. पुस्तिकेला स्वप्न ठाऊक नसतं, तिला फक्त नाम ठाऊक असतं. दात दुखत असताना पडलेला दात आणि आईच्या कवळीची चौकशी केल्या दिवशी पडलेला दात तिच्या लेखी एकच.

या पुस्तिकांपेक्षा चरकसंहिता कितीतरी कामाची निघाली. तिच्यातल्या इंद्रियस्थान या, मरणाची पूर्वचिन्हं सांगणाऱ्या भागाच्या पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक, दोषज. म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटलेलं, मनाने रचलेलं, पुढे घडणारं सांगणारं, आणि शरीरातल्या दोषातून आलेलं. यातले पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ समजावेत, असंही तिथेच म्हटलं आहे. फार छोटी आणि फार लांबलचक स्वप्नंही त्याच यादीत. शकुन पाहणाऱ्या परंपरेतच बहुतेक स्वप्नं शकुनातून वगळलेली आहेत, हे पुस्तिका छापणारे सांगत नाहीत.

भाविक सोडून उरलेले सहा प्रकार वहीत रकाने म्हणून घेतले. चरकाने ते अख्ख्या स्वप्नाला लावले आहेत. इथे ते स्वप्नातल्या एकेका तुकड्याला लावायचे.

२४ जून – डावं पान

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' हे खरं, पण मनी काय होतं हे सकाळी विचारलं तर मन स्वप्नाला जुळेल तेच सांगतं. साप दिसला की 'हो, परवा बागेत पाइप पडला होता' असं काहीतरी हमखास सापडतं. दिवसात इतक्या गोष्टी होतात की कुठल्याही स्वप्नाला धागा मिळतोच.

उपाय: दिवसाची नोंद झोपण्याआधी, वहीच्या डाव्या पानावर. उजवं पान सकाळचं. डावं पान काळ्या क्लिपने बंद, स्वप्न लिहून होईपर्यंत उघडायचं नाही. डाव्या पानावर काय: कोणाशी बोलणं झालं, काय अर्धवट राहिलं, काय पाहिलं-वाचलं, काय गिळून टाकलं (राग, उत्तर, बातमी), जेवणाची वेळ, औषध, दारू, ताप. पाच-सात ओळी. घटनांपेक्षा 'अर्धवट' आणि 'गिळलेलं' या दोन ओळी स्वप्नांत जास्त सापडतात. त्या रोज भराव्यात, बाकीच्या कंटाळा आला तर सोडल्या तरी चालतील.

३ जुलै – एक नमुना, तुकडे पाडून

दुसऱ्या एकीच्या वहीतला, परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून. उजवं पान:

'एसटी. बाकं शाळेतली. कंडक्टर तिकीट नाही, सातबारा मागतोय. ––– पाणी घोट्यापर्यंत, पण पाय कोरडे. खिशात कागद नाही, कुकरची शिट्टी आहे. ––– खिडकीबाहेर बाबा, तरुण, पांढरा शर्ट, ओळख देत नाहीत.' समासात: लाज. जागं झाल्यावर: रडू.

शिट्टी बाहेरची. शेजारच्या स्वयंपाकघरात त्या वेळी रोज कुकर लागतो, ती झोपेत शिरली. असे आवाज पहिल्यांदा बाजूला काढावेत, नाहीतर त्यांच्यावर उगाच विचार होतो. सातबारा डाव्या पानावर सरळ सापडला: वारसनोंदीच्या फेरफाराबद्दल संध्याकाळी भावाचा फोन. म्हणजे श्रुत. एसटी त्या रात्रीच्या पानावर नाही. सहा दिवस मागच्या पानावर आहे, तालुक्याला तहसील कचेरीत जाऊन येणं, काम न होता. म्हणजे अनुभूत. दिवसाची घटना त्याच किंवा पुढच्या रात्री स्वप्नात येते, मग मध्ये विरते आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा डोकावते, हे झोपेच्या अभ्यासकांनीही नोंदवलं आहे. तेव्हा शोध एका पानावर थांबवू नये, आठवड्याभराची पानं उलटावीत.

बाबांचा पांढरा शर्ट दृष्ट: फेरफाराच्या कागदांबरोबर काढलेला जुना फोटो. पाण्याला आणि शाळेच्या बाकांना काहीही सापडलं नाही. त्यांना 'कल्पित' लिहून सोडून दिलं. सगळ्या तुकड्यांना मूळ शोधायचा हट्ट धरला की उरलेले तुकडे ओढूनताणून बसवले जातात आणि आधीचं चांगलं कामही बिघडतं.

आता अर्थ. नियम असा की अर्थ एका वाक्यात लिहायचा, त्यात स्वप्नातली एकही वस्तू घ्यायची नाही, फक्त कोण काय करतंय आणि काय वाटतंय. इथे वाक्य झालं: 'मी कोणाची आहे याचा पुरावा मागितला जातो, तो माझ्याकडे नाही, आणि ज्यांनी सांगावं ते सांगत नाहीत.' मग प्रश्न: हेच वाक्य सध्या जागेपणी कुठे लागू पडतं? उत्तर सातबाऱ्यावरून बाबांचं नाव कमी होण्याशी जाऊन भिडलं. हे काम फोनवर 'कागदपत्रांचं' म्हणून उरकलं जात होतं.

स्वप्नाने गुपित फोडलं असं यात काही नाही. दोन वेगवेगळ्या दिवसांत ठेवलेल्या गोष्टी एका दृश्यात आल्या, एवढंच. याहून मोठा दावा करणारं वाक्य वहीत आलं तर त्यावर प्रश्नचिन्ह मारावं.

२० जुलै – मोजणी

स्वप्नं साठल्यावर एकेकाच्या अर्थापेक्षा त्यांची मोजणी जास्त सांगते. कॅल्विन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल या स्वप्नांच्या अभ्यासकांची १९६६ची पद्धत घेतली: पात्रं, वाद-हल्ला, मैत्रीचं वागणं, यश-अपयश, सुदैव-दुर्दैव, स्थळ, आणि भावना पाचच (राग, धास्ती, आनंद, दुःख, गोंधळ). पन्नास शब्दांपेक्षा छोटी नोंद मोजणीत घ्यायची नाही, तीनशेच्या वरची बहुधा जागेपणी फुगलेली असते. पूर्ण पद्धत लावायला एका स्वप्नाला बराच वेळ लागतो. घरच्या कामाला पात्रं, भावना आणि कोण कोणावर चालून आलं, एवढे तीन रकाने पुरतात.

घाबरू नये म्हणून एक गोष्ट आधीच माहीत असावी: सर्वसाधारण माणसांच्या स्वप्नांतही दुर्दैवाच्या घटना सुदैवाच्या घटनांपेक्षा कितीतरी जास्त असतात. आपल्याच वहीत अपघात, हरवणं, उशीर होणं भरलेलं आहे असं कोणी समजू नये.

३१ ऑगस्ट – गणपतीचे दिवस

नोंदी जवळजवळ शून्य. रात्री उशिरापर्यंत ढोल, सकाळी लवकर आरतीची गडबड. झोपेचा शेवटचा भाग कापला गेला की स्वप्नांचाच भाग कापला जातो. यावर युक्ती नाही. अशा दिवसांत वही बंद ठेवावी, 'काहीतरी लिहायचं' म्हणून लिहिलेली पानं मोजणी खराब करतात. विसर्जनानंतर झोप भरून निघताना स्वप्नं एकदम ठळक आणि लांब येतात. त्यांना विशेष अर्थ चिकटवण्याआधी मागच्या आठवड्याच्या झोपेचे तास पाहावेत.

१८ सप्टेंबर – औषधं, आणि डॉक्टरकडे कधी

वहीत अचानक रंगीत, भरगच्च किंवा भयंकर स्वप्नांचा पट्टा आला तर आधी डाव्या पानावरची औषधाची ओळ. रक्तदाबासाठी दिली जाणारी प्रोप्रॅनॉलॉल, मेटोप्रोलॉल, नैराश्यावरच्या काही गोळ्या, मलेरियासाठीचं मेफ्लोक्विन, रात्री लावून ठेवलेला निकोटीनचा पॅच, यांनी स्वप्नं ठळक होऊ शकतात. विस्मरणाच्या आजारात दिलं जाणारं डोनेपेझिल झोपताना घेतलं की अशी तक्रार येऊ शकते, आणि डॉक्टर बरेचदा ते सकाळी घ्यायला सांगतात. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, वहीची पानं डॉक्टरांना दाखवायची. दारू झोपेच्या पहिल्या भागात स्वप्नं दाबते आणि पहाटे ती उसळून येतात. चरकाचा 'दोषज' रकाना इथे भरतो, तापातल्या स्वप्नांसकट.

तेच वाईट स्वप्न वारंवार पडत असेल तर अर्थ शोधत बसण्यापेक्षा झोपेच्या विकारांचे डॉक्टर बॅरी क्राकाव यांच्या पद्धतीने ते बदलून लिहावं. २००१ साली तिची चाचणी प्रसिद्ध झाली आहे. जागेपणी स्वप्न लिहायचं, हवं तिथे हवं तसं बदलायचं, आणि बदललेलं रूप दिवसा रोज १० ते २० मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. सुरुवात सगळ्यांत भयंकर स्वप्नापासून करू नये, मधल्यापासून करावी. मूळ स्वप्न पुन्हा पुन्हा घोकलं जात असेल तर पद्धत उलटी चालली आहे. अत्याचार, अपघात, युद्ध असं काही मागे असेल तर एकट्याने करू नये.

आणि स्वप्न पाहताना माणूस खरोखर लाथा मारतो, ओरडतो, पलंगावरून पडतो, विशेषतः पन्नाशीनंतर, तर वही बाजूला ठेवून मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावं. स्वप्नावस्थेत स्नायू एरवी सैल असतात. ते सैल न पडणं हे पार्किन्सनसारख्या आजाराचं फार आधी दिसणारं लक्षण असू शकतं.

१२ ऑक्टोबर – पानं पिसून परीक्षा

डावी आणि उजवी पानं खरोखर जुळतात की आपण जुळवतो, हे पाहण्याची परीक्षा. एकाच माणसाच्या १० जोड्या निवडायच्या, दोन जोड्यांत कमीत कमी ८ दिवसांचं अंतर, नाहीतर त्या पाच-सात दिवसांच्या उशिरामुळे घोळ होतो. डावी पानं वेगळी, उजवी वेगळी टाइप करायची, पिसायची, आणि वही न पाहिलेल्या माणसाला जुळवायला द्यायची.

नुसत्या अंदाजपंचे जुळवणीत सरासरी १ जोडी बरोबर येते, मग जोड्या कितीही असोत. दहात ३ किंवा जास्त नशिबाने जुळण्याची शक्यता सुमारे ८ टक्के, ४ किंवा जास्तची सुमारे २ टक्के. तेव्हा ४च्या खाली काही आलं तर नाचू नये.

पहिली फेरी फुकट गेली: पानांवर पाऊस, गणपती, ऊन असे ऋतूचे पुरावे राहिले होते आणि जुळवणाऱ्याने तारखाच ओळखल्या. दुसऱ्या फेरीत सण, हवा, वार, गावांची नावं काढून टाकली. एरवी ज्या जोड्या 'उघडच आहेत' वाटतात त्यांतल्या कित्येक परक्या नजरेला दिसल्या नाहीत. पण 'अर्धवट' आणि 'गिळलेलं' या ओळी ठेवून केलेली जुळवणी त्या काढून केलेल्या जुळवणीपेक्षा सरस निघाली. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी डाव्या पानावर याच दोन ओळी लिहाव्यात.

२६ ऑक्टोबर – चौघांत वाचन

दिवाळीच्या सुटीत मानसोपचारतज्ज्ञ माँटेग्यू उलमन यांची गटवाचनाची रीत वापरली. स्वप्न सांगणारा वाचून दाखवतो आणि गप्प बसतो. बाकीचे बोलतात, पण प्रत्येक वाक्य 'हे स्वप्न माझं असतं तर...' असं सुरू करून. मग सांगणारा हवं ते उचलतो, बाकीचं सोडतो. त्याला थांबवायचा हक्क कायम.

ही सुरुवात सुटली की पाचव्या मिनिटाला कोणीतरी 'तुला ना, सासूची भीती वाटते' असं सांगून मोकळं होतं आणि बैठक मोडते. चारच्या वर माणसं नकोत, एका बैठकीत एकच स्वप्न, वेळ सुमारे एक तास. नवरा-बायको एकाच गटात नकोत. घरातली माणसं स्वप्नात पात्रं म्हणून येतात आणि सांगणारा ती गाळून वाचतो.

९ नोव्हेंबर – दुसरी वही

बदल तेवढेच लिहून ठेवतो. शेवटची चार पानं सूचीसाठी राखली: माणूस, जागा, भावना, आणि पानांचे आकडे. पहिल्या वहीत सूची नव्हती, त्यामुळे 'बंद दार आधी कधी आलं होतं' हे शोधायला अख्खी वही चाळावी लागत होती. सूची आठवड्यातून एकदा, रविवारी, वीस मिनिटं. अर्थाचं वाक्य त्याच सकाळी लिहायचं नाही, दुसऱ्या दिवशी लिहायचं, कारण सकाळी जागेपणीची भावना त्यावर चढलेली असते. क्लिप गंजून पानावर डाग पडले, आता प्लॅस्टिकची घेतली आहे.